एक्सएमएलमध्ये उस्मानाबादचं धाराशिव करायला गेलो आणि शेळीपण धाराशिवी झाली. कोडने नीट कसं बदलावं?

हिशोबनीस_लातूर | सोमवार, रात्री ११:१२

राम राम मंडळी.

मी लातूरला असतो, सात-आठ दुकानांचं टॅलीचं (हिशोबाचं सॉफ्टवेअर) काम घरून बघतो. दोन आडती, बाकी कृषी सेवा केंद्रं आणि पशुखाद्यवाले. प्रोग्रामिंग येत नाही म्हणलं तरी चालेल. एक्सेलचे मॅक्रो जमतात, आणि लॉकडाऊनमध्ये पायथनचा एक कोर्स अर्धा करून सोडला होता.

झालं असं की धाराशिवच्या एका पशुखाद्यवाल्या मालकांचा फोन आला. बिलावर अजून जुनंच गाव छापून येतंय, गिऱ्हाईक हसायलेत, सगळ्या पार्ट्यांचे पत्ते बदलून टाका म्हणाले. बरोबरच आहे, नाव २०२३ ला बदललं आणि आम्ही अजून तिथंच. पण लेजर, म्हणजे खाती, आहेत १,१८६. एकेक उघडून ऑल्टर करत बसलो तर पोळ्याला सुरू केलेलं काम दिवाळीला संपेल. म्हणून मास्टर्स (पार्ट्या आणि मालाच्या मूळ नोंदी) एक्सएमएलमध्ये, म्हणजे टॅगांत बांधलेल्या मजकुराच्या फाइलीत, एक्सपोर्ट केले, नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडले आणि रिप्लेस ऑल. उस्मानाबादचं धाराशिव, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. १,९४७ जागी बदललं असा आकडा आला. मी खूश. इम्पोर्ट मारला आणि चहाला गेलो.

परत येऊन बघतो तर स्टॉकमध्ये 'उस्मानाबादी शेळी खुराक २५ किलो' होता, त्याच्या शेजारी 'धाराशिवी शेळी खुराक २५ किलो' उभा! दोन्हींचा सुरुवातीचा साठा सारखाच. ज्या पार्ट्यांच्या नावातच गाव होतं त्यांची नवीन लेजरं तयार झाली, बाकी जुन्यातपण आणि नव्यातपण. ताळेबंदात सुरुवातीच्या शिलकीतला फरक म्हणून एवढा मोठा आकडा, की आधी वाटलं दुसऱ्याच कंपनीत शिरलो. आणि बिहारमधल्या औरंगाबादचा एक मका व्यापारी आहे, त्याला मी एका क्लिकमध्ये मराठवाड्यात आणून बसवलं.

सकाळचं बॅकअप होतं म्हणून वाचलो. मालकांना अजून काही बोललो नाही.

हे काम कोडने होतं असं ऐकलंय. कुठून सुरू करू?

---

बिंदुसरा_काठ | सोमवार, रात्री ११:४०

शेळी धाराशिवी! काळी, लांब कानाची, जुळी देणारी, एवढी नावाजलेली जात आणि तुम्ही तिचं एका क्लिकमध्ये बारसं केलंत.

बरं, काम होतं. मी निवृत्त माणूस, माझ्या काळी मजकूर बदलायला सेड नाहीतर पर्ल वापरून मोकळे व्हायचो. पण आता अनुभवानं सांगतो, एक्सएमएलला तो रस्ता धरू नका. जाणकार येतीलच.

---

नळदुर्गचा_पोरगा | मंगळवार, सकाळी ७:०५

काका, एवढं अवघड नाही. रेजेक्समध्ये (मजकुरात नमुना शोधायची पद्धत) शब्दाची सीमा लावायची, बॅकस्लॅश बी. म्हणजे 'उस्मानाबाद' हा सुटा शब्द असेल तरच बदलेल, 'उस्मानाबादी' तसाच राहील. पायथनमध्ये एका ओळीत होतं.

---

देवगिरी_कोडर | मंगळवार, सकाळी ९:३०

नळदुर्गच्या भावा, ही ओळ चालवून बघितलीस का? मी आत्ता बघितली. 'उस्मानाबादी'चंपण 'धाराशिवी' होतंय.

कारण मजेशीर आहे. पायथनच्या रेजेक्सला 'द' हे अक्षर वाटतं, पण त्याच्या पुढची वेलांटी 'ी' हे अक्षर वाटत नाही. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हं आहेत आणि पायथनचं रि मॉड्यूल त्यांना शब्दाचा भाग धरत नाही. त्यामुळे 'द' संपला की त्याच्या लेखी शब्द संपला. इंग्रजीत जी सीमा बिनघोर चालते ती मराठीत प्रत्येक काना-मात्रेपाशी फसते. बॅकस्लॅश बीच्या भरवशावर मीपण एकदा दोन दिवस घालवलेत, म्हणून आधी तपासलं.

हिशोबनीस दादा, तुमची खरी चूक रेजेक्सची नाहीच. तुम्ही फाइल म्हणजे नुसता मजकूर धरलात. एक्सएमएल हे झाड आहे. फाइलीत 'उस्मानाबाद' हीच अक्षरं दहा ठिकाणी असतील, पण एका ठिकाणी ती पत्त्याची ओळ आहे, दुसरीकडे लेजरचं नाव, तिसरीकडे मालाचं नाव. तुम्हाला त्यातलं एकच बदलायचंय. नोटपॅडला हा फरक कळायचा मार्ग नाही, पार्सरला, म्हणजे टॅग ओळखून फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामला, कळतो.

फाइल उघडून बघा. प्रत्येक पार्टीचा एक लेजर टॅग असेल. नाव त्याच्या ॲट्रिब्यूटमध्ये (टॅगाच्या कंसातच लिहिलेल्या माहितीत) आहे आणि आत लँग्वेजनेम डॉट लिस्टच्या पोटात परत एकदा. पत्ता ॲड्रेस डॉट लिस्टमध्ये, आणि त्यात पत्त्याच्या प्रत्येक ओळीला वेगळा ॲड्रेस टॅग. पिनकोड, राज्य, जीएसटी नंबर हे आवृत्तीप्रमाणे थेट लेजरखाली असतात नाहीतर आणखी एका लिस्टमध्ये गुंडाळलेले. तुमच्या फाइलीत कुठे आहेत ते डोळ्यांनी बघून घ्या, माझ्यावर विसंबू नका.

नावाला हात लावायचा नाही. टॅलीत नाव हीच ओळख. नाव बदललेला लेजर इम्पोर्ट केला की त्याला ती नवीन पार्टी वाटते. तुमची बाकी दुप्पट झाली ती यातूनच.

बिहारचा व्यापारी वाचवायला जीएसटी नंबर बघा. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, बिहार १०. ज्यांच्याकडे नंबर नाही, शेतकरी वगैरे, त्यांचा पिन बघा. आपल्याकडचा ४१३ नाहीतर ४३१ ने सुरू होतो, बिहारच्या औरंगाबादचा ८२४ ने.

इथे कोड चिकटवला की संस्थळ कोनी कंस आणि त्यातलं सगळं गिळून टाकतं, म्हणून मराठीतच लिहितो. पायथनच्या एलिमेंटट्री (थोडक्यात ईटी) या मॉड्यूलमध्ये याचं भाषांतर पंधरा ओळींचं होईल:

झाड = ईटी.पार्स(फाइल)
झाडातल्या प्रत्येक लेजरसाठी:
    जीएसटी आणि पिन काढ
    महाराष्ट्रातला नसेल तर सोडून दे
    लेजरखालच्या प्रत्येक ॲड्रेससाठी:
        जुनं = ॲड्रेसचा टेक्स्ट
        नवं = जुन्यात गाव बदलून
        दोन्ही वेगळे असतील तर:
            यादीत लिही: लेजरचं नाव, जुनं, नवं
            ॲड्रेसचा टेक्स्ट = नवं
झाड वेगळ्या नावाने लिही

मालाच्या टॅगकडे आपण फिरकतच नाही, त्यामुळे शेळीला धोका नाही.

आणि ती यादी महत्त्वाची. पहिल्यांदा फक्त यादी काढा, फाइल लिहूच नका. यादी मालकांना दाखवा, मग पुढचं.

---

हिशोबनीस_लातूर | मंगळवार, रात्री १०:५०

देवगिरी सर, लई उपकार. रात्री बसलो. पहिल्याच ओळीला आपटलो:

'रेफरन्स टू इनव्हॅलिड कॅरेक्टर नंबर', पुढं ओळ आणि कॉलमचा आकडा.

ती ओळ काढली तर तिथं अँपरसँड, हॅश, ४, अर्धविराम, आणि पुढं 'प्रायमरी'. असं शेकडो ठिकाणी आहे. मी तर असलं काही टाइप केलेलं नाही. रिप्लेस ऑलमध्ये माझ्याकडून घुसलं का?

---

बिंदुसरा_काठ | मंगळवार, रात्री ११:२०

नाही हो, तुमचा दोष नाही. टॅली स्वतःच्या आतल्या ठरलेल्या शब्दांपुढे ही खूण ठेवते. 'प्रायमरी' नावाचा गट तुम्ही केलात तर तो वेगळा आणि तिचा स्वतःचा वेगळा, हे तिला त्यावरून ओळखू येतं.

पार्सर अडतो कारण एक्सएमएल १.० चा नियमच तसा आहे. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं फेब्रुवारी १९९८ मध्ये शिफारस काढली तेव्हापासून ३२ च्या खालच्या क्रमांकांपैकी तीनच चालतात: ९ म्हणजे टॅब, १० आणि १३ म्हणजे ओळ तोडणारे. ४ क्रमांक सरळ लिहिला तरी बाद आणि असा आकड्यानं लिहिला तरी बाद. पुढे आलेल्या १.१ मध्ये आकड्यानं लिहायची मुभा दिली, पण ते वापरतं कोण.

---

देवगिरी_कोडर | मंगळवार, रात्री ११:३५

काकांनी सांगितलंच. उपाय: पार्सरकडे द्यायच्या आधी फाइल साधा मजकूर म्हणून वाचा, त्या खुणेच्या जागी दुसरीकडे कुठेच न येणारं काहीतरी ठेवा, '@@चार@@' समजा. मग ईटी.फ्रॉमस्ट्रिंग. काम झाल्यावर परत मजकूर करायचा आणि '@@चार@@' ची मूळ खूण करून मगच फाइलीत लिहायचं.

होय, मजकूर म्हणून रिप्लेस करू नका म्हणणारा मीच आणि आता तेच सांगतोय. फरक एवढाच की ही खूण झाडाचा भागच होऊ शकत नाही, तिला झाडात शिरायच्या आधी बाजूला बसवावंच लागतं.

खूण नुसती उडवून देऊ नका. एलएक्सएमएल या पायथनच्या दुसऱ्या पार्सरमध्ये रिकव्हर नावाचा पर्याय आहे, तो असल्या चुका गपचूप पोटात घालतो. वाचण्यापुरतं ठीक. परत इम्पोर्ट करायच्या फाइलीला कधीही नको, काय गळलं ते कळतच नाही.

आणि वाचताना एनकोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये कशी साठवलीत ते, सांगा. फाइलीचा आकार अपेक्षेपेक्षा दुप्पट आहे का? असेल तर बहुतेक यूटीएफ-१६ आहे.

---

संपादक | बुधवार, सकाळी ८:१५

नामांतर योग्य की अयोग्य यावरचे ६ प्रतिसाद इथून हलवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा आहे, तिथे जागा भरपूर आहे. इथे फक्त फाइली.

---

हिशोबनीस_लातूर | बुधवार, रात्री ९:४०

यूटीएफ-१६ च निघाली. एनकोडिंग दिल्यावर वाचलं, खूण बाजूला बसवली, पार्स झालं. लेजर मोजले तर १,१८६. टॅलीतल्या आकड्याशी जुळलं तेव्हा घरात ओरडलोच.

पण यादी रिकामी. शून्य बदल. एरर नाही, काही नाही, प्रोग्राम निवांत चालून संपतो. नोटपॅडमध्ये तर पत्ते समोर दिसायलेत! तुम्ही सांगितलं तसंच केलंय. फक्त काही पार्ट्यांना पत्ताच नाही म्हणून मी आधी तपासायलोय, की लेजरमध्ये फाइंडने ॲड्रेस सापडला असेल तरच पुढं जा. 'इफ पत्ता' एवढंच.

---

गोदाकाठची | बुधवार, रात्री १०:१०

दादा, घोळ तुमच्या त्या 'इफ पत्ता' मध्येच आहे.

एलिमेंटट्रीत टॅगला पोटात दुसरे टॅग नसले की 'इफ' त्याला खोटं समजतं. तुमच्या ॲड्रेस टॅगात नुसता मजकूर आहे, मूल एकही नाही. म्हणजे पत्ता सापडतो आणि तरी 'इफ' म्हणतो नाही. 'इफ पत्ता इज नॉट नन' असं पूर्ण लिहा, नन म्हणजे काहीच नाही. पायथनच्या ३.१२ पासून यावर इशारा येतो, तुमची आवृत्ती जुनी असेल म्हणून गप्प राहिली.

आणखी एक: फाइंडला नुसतं 'ॲड्रेस' दिलंत तर तो फक्त थेट पोरांत शोधतो, नातवंडांत नाही. तुमचा ॲड्रेस तर लिस्टच्या आत आहे. आधी टिंब आणि दोन तिरक्या रेघा द्या, म्हणजे खोलवर जाईल. आणि फाइंड पहिलाच आणतो, पत्त्याच्या ओळी चार असतील तर फाइंडऑल हवा.

पत्त्याची ओळ रिकामी असेल तर तिचा टेक्स्ट रिकामी स्ट्रिंग नसतो, नन असतो. त्यावर रिप्लेस चालवलंत की आपटाल. आत्ताच सांभाळून घ्या.

---

मोंढा_मॅक्रो | बुधवार, रात्री १०:४५

परभणीहून. पायथन इन्स्टॉल करायची परवानगी नसेल त्यांच्यासाठी: हे सगळं एक्सेलमधून एमएसएक्सएमएल या मायक्रोसॉफ्टच्या पार्सरने पण होतं. डॉम डॉक्युमेंट ६.० घ्यायचं, सिलेक्टनोड्सला एक्सपाथ, म्हणजे टॅगपर्यंतचा रस्ता, द्यायचा. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एसिंक फॉल्स करा, नाहीतर फाइल पूर्ण लोड व्हायच्या आत पुढची ओळ चालते आणि नोड शून्य येतात. आणि लोड खोटं परत देतं का ते तपासा; एरर फेकत नाही, नुसतं नाही म्हणतं. ४ क्रमांकाची खूण तिथेपण अडतेच.

माझी यादी थेट शीटमध्ये उतरते, मालकाला हिरव्या-लाल रंगात दाखवता येते. पायथनवाल्यांनी हेवा करू नये.

---

गोदाकाठची | गुरुवार, दुपारी १:२०

काल घाईत होते, आज सविस्तर. नांदेडला एका छपाईच्या ठिकाणी डेटाचं काम करते. मराठीतल्या एक्सएमएलनं मला जे काही शिकवलंय ते हिशोबनीस दादांना पुढच्याच पायरीला लागणार आहे.

पहिलं, लिहिताना एनकोडिंग द्या. एलिमेंटट्रीच्या राइटला काही सांगितलं नाही तर तो यूएस-ॲस्की धरतो, त्यात देवनागरी बसत नाही. मग 'लातूर' मधल्या 'ल' च्या जागी अँपरसँड, हॅश, २३५४, अर्धविराम आणि काना म्हणजे २३६६, अशी आकड्यांची माळ दिसते. पार्सरच्या दृष्टीनं दोन्ही एकच, फाइल बिघडलेली नसते. पण माणसाला वाचता येत नाही आणि नोटपॅडमध्ये 'लातूर' शोधलं तर सापडत नाही. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा फाइल करप्ट झाली समजून मी रडकुंडीला आले होते. म्हणून ज्या एनकोडिंगमध्ये आली त्याच एनकोडिंगमध्ये परत लिहा.

दुसरं, ऱ्. 'व्यापाऱ्यांची येणी' हे लेजर दोन माणसांनी दोन कीबोर्डवर टाइप केलं की दिसायला एक आणि पोटात वेगळं. एकाचा ऱ हे एकच चिन्ह असतं. दुसऱ्याचा म्हणजे र आणि खाली नुक्ता. तिसरी जात जुन्या सवयीची: र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. पहिल्या दोघांना पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधल्या नॉर्मलाइझनं एनएफसी करून एका रूपात आणता येतं. तिसरा त्यात बधत नाही, त्याला हातानं बदलावं लागतं. तुलना करताना दोन्ही बाजू आधी एका रूपात आणा. पण लेजरचं नाव फाइलीत लिहिताना मूळ रूपच ठेवा, नाहीतर परत नवीन पार्टी जन्माला येईल.

तिसरं, लांबी. हे अंगावर आलेलं. आमच्याकडे एक जुनी युटिलिटी होती, लेबलं छापायला एक्सएमएल तयार करायची, आणि तिच्यात गावाच्या रकान्याला ३० बाइट ठरलेले. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. 'औरंगाबाद' ८ चिन्हं, २४ बाइट, वर्षानुवर्षं आरामात बसलं. 'छत्रपती संभाजीनगर' १६ चिन्हं आणि एक मोकळी जागा, ४९ बाइट. युटिलिटी ३० व्या बाइटला कातर लावायची. 'छत्रपती' चे २१, जागेचा १, 'स' चे ३, अनुस्वाराचे ३, झाले २८. म्हणजे कातर बरोबर 'भ' च्या मधोमध! दोन बाइट अलीकडे, एक पलीकडे. अर्धा भ हे यूटीएफ-८ मध्ये अक्षरच नाही, त्यामुळे पुढचा पार्सर 'इनव्हॅलिड टोकन' म्हणून अख्खी फाइल फेकायचा. गाव बदललं आणि लेबलं बंद पडली, आणि आम्ही चार दिवस प्रिंटरला शिव्या देत बसलो.

---

बिंदुसरा_काठ | गुरुवार, दुपारी २:०५

गोदाताई, अर्ध्या भ वर स्वतंत्र लेख लिहा. खरंच.

---

कर_वही_जालना | गुरुवार, संध्याकाळी ६:३०

प्रोग्रामिंगमधलं कळत नाही, पण दोन गोष्टी.

जुन्या व्हाउचरना, म्हणजे झालेल्या व्यवहारांच्या नोंदींना, हात लावू नका. व्हाउचरच्या एक्सएमएलमध्ये त्या वेळचा पत्ता वेगळा साठवलेला असतो. बिल ज्या पत्त्यावर निघालं त्याच पत्त्यावर राहू द्या. मास्टर बदला, पुढची बिलं आपोआप नवीन पत्त्यानं निघतील.

आणि ई-इनव्हॉइसची भीती बाळगू नका. गावाचं नाव तिथे मोकळा मजकूर आहे, पोर्टल जुळवतं ते पिन आणि राज्याचा कोड. ते दोन्ही बदललेले नाहीत.

---

नळदुर्गचा_पोरगा | गुरुवार, रात्री ८:५०

कालपासून हा धागा बघून मीपण शिकायलोय. एक शंका. मी रिकाम्या ॲड्रेस ओळी काढून टाकायचा लूप लिहिला. लिस्टमधल्या प्रत्येक पोरासाठी, टेक्स्ट नसेल तर रिमूव्ह. चार रिकाम्या ओळी असल्या तर दोनच जातात. परत चालवला की उरलेल्यांतली एक जाते. काय भानगड?

---

देवगिरी_कोडर | गुरुवार, रात्री ९:१५

ज्या फांदीवर बसलायस तीच तोडतोयस. पहिला काढला की दुसरा पहिल्याच्या जागी सरकतो, आणि लूप दुसऱ्या जागेवर जाऊन बसतो, तिथे आता तिसरा असतो. म्हणून एक आड एक सुटतो. आधी पोरांची वेगळी यादी करून घे, लिस्ट फंक्शनात घालून, आणि त्या यादीवर फिर.

एलिमेंटट्रीत पोराला आपला बाप माहीत नसतो, त्यामुळे काढायचं असेल तर बापापासूनच सुरू करावं लागतं. एलएक्सएमएलमध्ये गेटपेरंट आहे. पण पत्त्याच्या रिकाम्या ओळी काढायचं कारण काय? त्या कुणाला चावत नाहीत. हिशोबनीस दादा, तुम्ही नका काढू.

आणि तुमच्यासाठी एक राहिलंच होतं. टॅलीमेसेज टॅगवर यूडीएफ नावाचा नेमस्पेस (टॅगांच्या नावांचा वेगळा गट, त्याचा उपसर्ग नावापुढे लागतो) जाहीर केलेला असतो. एलिमेंटट्रीला तो आधी रजिस्टर करून दिला नाही तर लिहिताना 'यूडीएफ' च्या जागी 'एनएस०' असलं काहीतरी स्वतःच्या मनानं घालतो. दुसऱ्या कुठल्या पार्सरला फरक पडणार नाही, नेमस्पेसचा पत्ता तोच. पण टॅली उपसर्गाकडे बघते की पत्त्याकडे, याची परीक्षा दुसऱ्याच्या हिशोबावर घ्यायची नाही. रजिस्टर नेमस्पेसची एक ओळ सगळ्यात वर टाका.

लिहून झालं की मूळ आणि नवी फाइल विनमर्ज या फाइली ताडून बघायच्या प्रोग्राममध्ये शेजारी ठेवा. रिकामे टॅग आता एकाच आखूड टॅगात दिसतील. नको असेल तर शॉर्ट एम्प्टी एलिमेंट्स फॉल्स करा, म्हणजे फरकांत फक्त तुमचे पत्ते उरतील.

---

हिशोबनीस_लातूर | शनिवार, रात्री ११:३०

झालं मंडळी.

'इज नॉट नन' केलं आणि यादी धबाधबा आली. एक्सेलमध्ये घेतली, आज सकाळी एसटीनं धाराशिवला जाऊन मालकांपुढं ठेवली. सोमवारचा पराक्रमपण सांगून टाकला. धाराशिवी शेळीवर ते इतके हसले की रागवायचं राहूनच गेलं.

यादी बघताना दोघांनी मिळून जे काढलं ते कुठल्याच कोडला सुचलं नसतं. औसा, तुळजापूर, बार्शी इकडच्या १३ पार्ट्यांच्या पत्त्यात 'उस्मानाबाद रोड' आहे. गाव नाही, रस्ता. माझा प्रोग्राम त्याला 'धाराशिव रोड' करायला निघाला होता. मालक म्हणाले, ट्रकवाल्याला फोनवर आजपण उस्मानाबाद रोडच सांगावं लागतं, तेवढं राहू द्या. मग अट टाकली, नावाच्या पुढं 'रोड' किंवा 'रस्ता' असेल तर सोडून दे.

तीन ठिकाणी आधीच कुणीतरी 'धाराशीव' असं दीर्घ लिहून ठेवलं होतं, ते पण ऱ्हस्व केलं. बिहारचे शेठ बिहारातच आहेत, जीएसटी १० ने सुरू.

इम्पोर्ट आधी कंपनीच्या कॉपीत केला. मास्टर आधीच असेल तर काय करायचं असं टॅली विचारते, तिथं मॉडिफाय विथ न्यू डेटा निवडलं. मागच्या वेळी तिथं काय होतं ते बघितलंच नव्हतं. लेजर आधी १,१८६, नंतरपण १,१८६. ताळेबंद पैशाला जुळला. मग खऱ्या कंपनीत. पत्त्याच्या १,२१२ ओळी बदलल्या.

देवगिरी सर, गोदाताई, काका, सगळ्यांचे आभार. प्रोग्राम ५४ ओळींचा झालाय, त्यातल्या निम्म्या तर यादी काढायच्याच आहेत.

---

देवगिरी_कोडर | रविवार, सकाळी १०:००

सर नको हो, तुमच्यापेक्षा लहान असेन. १,२१२ मध्ये कुठे 'औरंगाबाद रोड' राहिला नाही ना? जालना-बीडकडच्या पार्ट्या बघा एकदा.

---

हिशोबनीस_लातूर | रविवार, सकाळी १०:२५

दोन निघाल्या. अट दोन्ही गावांना लावली होती, पण ह्या दोघांनी 'रोड' पुढच्या ओळीत टाकलाय. म्हणजे पत्त्याची एक ओळ 'औरंगाबाद' वर संपते आणि दुसऱ्या ॲड्रेस टॅगात 'रोड, पेट्रोल पंपासमोर'.

दोन्ही आत्ता हातानं केल्या.